‘फुकट विजे’ची सर्किटं तपासून घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत एका मोटार वायंडिंगच्या दुकानात आम्ही पाच जण रविवारी दुपारी बसतो. दुकानाचे मालक, पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले एक सर, इंजिनिअरिंगची दोन पोरं आणि मी. ‘घेते त्यापेक्षा जास्त वीज देते’ असं म्हटलं जाणारी सर्किटं लोक आमच्याकडे घेऊन येतात. मिरजेहून, तासगावहून, विट्याहून, कधी कऱ्हाडहूनही. आम्ही ती पैसे न घेता मोजून देतो. येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय.

तुम्ही ही यंत्रं खोटी पाडायलाच बसलाय का?

नाही. ज्या माणसाने तीन महिने रात्री जागून कॉइल गुंडाळली, त्याला ‘ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही’ एवढं वाक्य ऐकवून परत पाठवणं मला कधी पटलं नाही. ते वाक्य त्यानेही शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्याच्या मीटरने त्याला काहीतरी वेगळं दाखवलेलं असतं, आणि पाठांतरापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवणं ही काही वाईट सवय नव्हे. म्हणून आम्ही सुरुवात त्याच्या मीटरपासून करतो.

शिवाय ही ओढ कुठून येते ते आम्हाला ठाऊक आहे. रात्रीची लाइट असते तेव्हा उसाला पाणी द्यायला दोन वाजता बॅटरी हातात घेऊन नदीकाठच्या मोटारीवर जावं लागतं. पाऊण तासात फ्यूज उडाला की चिखलातून परत डीपीपर्यंत. वाटेत साप. अशा माणसाला कुणी ‘बिनविजेचा पंप’ म्हणालं तर तो ऐकून घेणारच.

आजवर आमच्या टेबलावर आलेल्या एकाही यंत्राने घेतल्यापेक्षा जास्त दिलेलं नाही. तरी पुढचं यंत्र आलं की आम्ही तेवढ्याच काळजीने मोजतो.

सगळ्यात जास्त कोणतं सर्किट येतं?

बेडिनी मोटार. अमेरिकेतल्या जॉन बेडिनी यांनी ती लोकप्रिय केली. ते २०१६ साली वारले. एका शाळकरी मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी ही रचना बनवली होती, त्यावरून तिचं सोपं रूप ‘स्कूलगर्ल मोटार’ या नावाने जगभर पसरलं. आपल्याकडे ती सायकलच्या चाकावर बनते. रिमला ॲरल्डाइटने चिकटवलेले लोहचुंबक, सगळ्यांचा एकच ध्रुव बाहेर. शेजारी दोन तारा एकत्र पिळून गुंडाळलेली कॉइल. झिरो पीसीबीवर एक २एन३०५५ ट्रान्झिस्टर (करंट चालू-बंद करणारा), एक रेझिस्टर, दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) आणि शेंगदाण्याएवढा निऑनचा दिवा. बॅटऱ्या दोन, एक चालवणारी आणि एक चार्ज होणारी.

चुंबक कॉइलजवळ आला की एका तारेत थोडं व्होल्टेज तयार होतं आणि ट्रान्झिस्टर चालू होतो. मग दुसऱ्या तारेतून करंट वाहतो आणि चुंबकाला पुढे ढकलतो. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइलमधलं चुंबकी क्षेत्र एकदम कोसळतं, त्यातून उंच व्होल्टेजचा झटका येतो आणि तो डायोडमधून दुसऱ्या बॅटरीत शिरतो. जुन्या मोटारसायकलची इग्निशन कॉइल याच गुणावर ठिणगी पाडते. दुसरी बॅटरी सोडवली की झटक्याला वाट उरत नाही, व्होल्टेज चढत जातं आणि निऑन पेटतो. तो नारिंगी उजेड मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला होता. बारा व्होल्टच्या बॅटरीवर सत्तर-ऐंशी व्होल्टशिवाय न पेटणारा दिवा!

पण रबरी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, पाणी काही वाढत नाही. कॉइल नेमकं हेच करते. व्होल्ट चढतात त्या प्रमाणात करंट वाहायचा वेळ कमी होतो.

दुसऱ्या बॅटरीचे व्होल्ट चढतात हे आम्ही स्वतः पाहिलंय. मग?

हा प्रश्न सगळ्यात मोलाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कवठेमहांकाळकडचा एक पोरगा, तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, चाक एसटीच्या टपावर घालून घेऊन आला होता. त्याच्या वहीत सगळं लिहिलेलं. चालवणारी बॅटरी १२.६ वरून १२.३ वर उतरली, चार्ज होणारी ११.८ वरून १३.१ वर गेली. ‘सर, तीन पॉइंट गेले आणि तेरा पॉइंट आले,’ असं तो म्हणाला.

लेड-ॲसिड बॅटरीत किती शिल्लक आहे ते व्होल्टवरून फार ढोबळ कळतं. पूर्ण भरून काही तास शांत ठेवलेली बॅटरी सुमारे १२.७ दाखवते आणि निम्मी रिकामी झालेली सुमारे १२.२. म्हणजे निम्मा साठा अर्ध्या व्होल्टात संपतो. चार्जिंग चालू असताना दिसणाऱ्या तेराला तर काहीच अर्थ नसतो. त्यात बॅटरी यूपीएसमधून काढलेली, भंगारातून आणलेली असेल तर ती बहुधा सल्फेट झालेली असते. आतला रोध वाढलेला, साठवायची जागा आटलेली. अशा बॅटरीला चिमूटभर करंट दिला तरी व्होल्ट भराभर चढतात. बॅटरी जितकी खराब तितकं यंत्र भारी वाटतं, हे नीट लक्षात ठेवा.

म्हणून आम्ही बल्ब लावतो. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा, १२ व्होल्ट १० वॉट. पोराच्या दोन्ही बॅटऱ्या ७ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) होत्या. आधी दोन्ही चार्जरवर पूर्ण भरल्या आणि बल्बवर ११ व्होल्टपर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते मोजलं. पहिलीला ६ तास १० मिनिटं, दुसरीला ५ तास ५० मिनिटं. एवढं करायलाच तीन रविवार गेले, कारण जुनी बॅटरी एक-दोनदा भरून रिकामी केली की थोडी सुधारते, आणि ती सुधारणा नंतर यंत्राच्या खात्यावर जमा होते. मग पहिली पूर्ण भरून आणि दुसरी रिकामी करून चाकाला जोडली. पहिली ११ वर आली तेव्हा चाक थांबवलं आणि दुसरीला बल्ब लावला.

बल्ब २ तास १५ मिनिटं जळला.

पोरगा बराच वेळ बल्बच्या तांबड्या पडलेल्या तारेकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘बाकीची चाक फिरवण्यात गेली?’ सर म्हणाले, ‘चाक, बेअरिंग, हवा, गरम झालेला ट्रान्झिस्टर आणि बॅटरी भरताना होणारा तोटा. प्रत्येकाचा वाटा काढू या.’ त्या दोघांनी पुढचे दोन महिने तेच काम केलं. वर लिहिलेल्या इंजिनिअरिंगच्या दोन पोरांपैकी एक तो.

माझा मीटर नवा आहे, चांगल्या कंपनीचा आहे. तो कसा चुकेल?

मीटर बरोबर असतो, आपला गुणाकार चुकतो. समजा कॉइलवर दहा भागांतला एक भाग वेळ १२ व्होल्ट येतात, त्याच वेळात ५ अँपिअर वाहतात आणि बाकी नऊ भाग सगळं शून्य. डीसीवर ठेवलेला साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणजे १.२ व्होल्ट आणि ०.५ अँपिअर. गुणाकार ०.६ वॉट. खरं तर त्या एका भागात ६० वॉट वापरले गेले, म्हणजे सरासरी ६ वॉट. दहापट फरक! हा घोटाळा इनपुटला झाला की यंत्र दहापट देतंय असं वाटतं आणि माणूस रात्रभर झोपत नाही.

एसी आणि डीसी दोन्ही भाग धरून मोजणाऱ्या ट्रू आरएमएस मीटरने या उदाहरणात उत्तर बरोबर येईल. पण व्होल्ट आणि करंट एकाच क्षणी येत नसतील तर तोही फसवतो, आणि तिथे आउटपुट फुगलेलं दिसतं. म्हणून इनपुट आम्ही नेहमी बॅटरीच्या टोकांवर, मोठा कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा भाग) लावून मोजतो. तिथे व्होल्ट जवळजवळ स्थिर असतात, त्यामुळे सरासरी करंट घेतला तरी हिशोब बरोबर येतो.

आणखी एक चूक फार दिसते. उघड्या टोकांवर ३०० व्होल्ट, टोकं शॉर्ट केली तर अर्धा अँपिअर, म्हणून १५० वॉट. टोकं उघडी असताना करंट शून्य असतो आणि शॉर्ट असताना व्होल्ट शून्य. लोड लावून दोन्ही एकाच वेळी मोजा.

घरी ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) मोजायचं तर कसं?

इनपुटच्या मायनस बाजूला ०.१ ओहमचा शंट, म्हणजे करंट मोजायचा अगदी कमी रोधाचा रेझिस्टर, लावा. १ अँपिअरला १०० मिलिव्होल्ट दिसतील. एका चॅनलवर व्होल्ट, दुसऱ्यावर शंट, मॅथमध्ये गुणाकार आणि त्याची सरासरी. पण दोन्ही प्रोबच्या ग्राउंड क्लिपा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि टेबलावरच्या स्कोपमध्ये त्या थेट अर्थिंगला जातात. दोन क्लिपा सर्किटच्या दोन वेगळ्या ठिकाणी लावल्या की स्कोपमधूनच शॉर्ट होतो. आमची एक क्लिप अशीच वितळली.

स्कोप नसेल तर थर्मास घ्या. आउटपुटला रेझिस्टर लावून तो पाण्यात बुडवा. १ लिटर पाणी १० अंश तापवायला सुमारे ४१.९ किलोज्यूल लागतात, म्हणजे ११.६ वॉट-तास. झटके असोत की सलग करंट, पाणी सगळ्याची बेरीज करतं. मला स्वतःला ही पद्धत स्कोपपेक्षा आवडते, कारण ती पाहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

फ्लायव्हीलवर (जड फिरत्या चाकावर) चालणारा जनरेटर घ्यावा का? व्हिडिओत चाललेला दिसतो.

घेऊ नका.

जतकडचे एक आबा आम्हाला त्यांच्या शेडात घेऊन गेले होते. १ एचपीची मोटार, पट्टा, शंभर किलोचं लोखंडी चाक आणि ५ केव्हीएचा अल्टरनेटर. विक्रेत्याने सांगितलं होतं की चाक एकदा वेगात आलं की मोटार लाइटवरून काढून अल्टरनेटरवर टाकायची, पुढे बिलच नाही. ऐंशी हजार रुपये दिले होते. आमच्यासमोर आबांनी चेंजओव्हरचा खटका टाकला. चाकाचा आवाज क्षणभर तसाच राहिला, मग खाली उतरत गेला. बल्ब पिवळे पडले, तांबडे झाले, विझले.

हिशोब वहीच्या अर्ध्या पानावर मावतो. शंभर किलोची भरीव चकती, त्रिज्या एक फुटाच्या आसपास म्हणजे ३० सेंटिमीटर, मिनिटाला १५०० फेरे. तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे ५५ किलोज्यूल, म्हणजे जेमतेम १५ वॉट-तास. वेग वीस टक्के उतरेपर्यंत त्यातले २० किलोज्यूल बाहेर येतात. १००० वॉटचा लोड असेल तर वीस सेकंद. चाक हे विजेचं गाठोडं आहे; बांधताना जेवढं घातलं तेवढंच सोडताना निघतं, तेही थोडं सांडून.

‘मग त्यानं मला चालवून दाखवलं ते काय होतं?’ आबांनी विचारलं.

‘किती वेळ दाखवलं, आबा?’

ते थोडा वेळ गप्प राहिले. ‘चहा यायच्या आत बंद केलं,’ म्हणाले.

विक्रेत्याचा फोन लागत नव्हता. मोटार आणि अल्टरनेटर चांगले होते, ते दुकानाच्या मालकांनी ओळखीने विकून दिले. बाकीचे पैसे गेले ते गेले. यंत्र स्वतः बनवणाऱ्या हौशी माणसाबद्दल मला फक्त आपुलकी वाटते. पण शेतकऱ्याच्या गरजेचा असा धंदा करणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

कुणी दाखवायला बोलावलंच तर यंत्र जमिनीवरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवायला सांगा, म्हणजे खालून येणारी वायर लपणार नाही. एलईडी बल्ब चालणार नाहीत. नऊ वॉटचे दहा बल्ब म्हणजे नव्वद वॉटच. पाणी तापवायची १००० वॉटची कॉइल लावा आणि अर्धा तास थांबा. उभं राहताना चाकाच्या रेषेत राहू नका. त्या वेगाला चाकाचा काठ ताशी १७० किलोमीटरने धावत असतो.

या दाव्यांची कधी अधिकृत तपासणी झालीय का?

झालीय, आणि वाचण्यासारखी आहे. अमेरिकेत जोसेफ न्यूमन यांनी त्यांच्या यंत्राला पेटंट मिळावं म्हणून कोर्टात दावा लावला होता. १९८६ साली तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने ते यंत्र मोजलं. प्रत्येक चाचणीत आउटपुट इनपुटपेक्षा कमी आलं. कार्यक्षमता २६ ते ६७ टक्के. झटके देणारी कॉइल आणि बॅटऱ्या, म्हणजे अडचण आमच्या टेबलावरच्यासारखीच होती.

आयर्लंडच्या स्टिऑर्न कंपनीने २००६ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना तपासायला बोलावलं. २००७ मध्ये लंडनमधलं जाहीर प्रात्यक्षिक रद्द झालं. २००९ मध्ये २२ तज्ज्ञांच्या पंचमंडळाने एकमताने सांगितलं की ऊर्जा निर्माण होत असल्याचं कंपनीला दाखवता आलेलं नाही.

पाण्यावर गाडी?

१ लिटर पाणी फोडून हायड्रोजन-ऑक्सिजन करायला किमान ४.४ युनिट ऊर्जा लागते. ते पुन्हा जाळलं की जास्तीत जास्त तेवढीच ऊर्जा परत मिळते, आणि इंजिन त्यातली बरीचशी सायलेन्सरमधून सोडून देतं. ‘वॉटर फ्युएल सेल’वाले स्टॅन्ली मेयर यांना १९९६ साली ओहायोच्या कोर्टाने फसवणुकीबद्दल दोषी ठरवून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले होते.

टेस्लाने हे शोधलं होतं आणि ते दाबून टाकलं, असं म्हणतात.

टेस्ला यांचा वॉर्डनक्लिफ मनोरा वीज बिनतारी पोचवण्यासाठी होता. ती वीज आधी जनरेटरवर तयार करावीच लागणार होती. १९०१ मध्ये ‘प्रारण ऊर्जा (किरणांतून येणारी ऊर्जा) वापरण्याच्या’ साधनाचं पेटंट त्यांना मिळालं हे खरं आहे, पण त्यात उंच लावलेल्या धातूच्या पत्र्यावर बाहेरून पडणाऱ्या किरणांचा प्रभार कपॅसिटरमध्ये साठवायचा आहे. म्हणजे तिथेही ऊर्जा बाहेरूनच येते. तसा पत्रा आणि कपॅसिटर गच्चीवर लावून बघायला काहीच हरकत नाही. फक्त पावसाळ्यात विजा होत असताना नको.

आपल्या पूर्वजांनी असं यंत्र लिहून ठेवलंय ना?

हो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात, यंत्राध्यायात, आऱ्यांमध्ये पारा अर्धा भरलेलं, आपोआप फिरणारं चाक वर्णिलंय. पारा एका बाजूला बाहेर सरकतो, दुसऱ्या बाजूला आत, म्हणून चाक फिरत राहील ही कल्पना. आमच्यातल्या पोरांनी प्लास्टिकच्या नळ्यांत पाणी भरून ते बनवलं. एक-दोन हेलकावे घेऊन चाक स्थिर होतं. जड बाजूला आऱ्या कमी उरतात, हलक्या बाजूला जास्त, आणि दोन्हींचा तोल साधतो. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी हा प्रश्न इतक्या नेमक्या आकारात मांडणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटतो. ऊर्जेचा नियम नीट मांडला जायला पुढे १८४० चं दशक उजाडावं लागलं.

पेटंट मिळालंय म्हणतात.

भारतीय पेटंट कायदा १९७०, कलम ३(अ) पाहा. प्रस्थापित नैसर्गिक नियमांच्या उघड विरोधात असलेल्या दाव्याला पेटंट मिळत नाही. अर्ज केल्याचा नंबर आणि पेटंट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद मागून बघा.

प्लगमध्ये लावायची वीज वाचवणारी डबी?

उघडली की एक कपॅसिटर आणि एक एलईडी निघतो. टाँग टेस्टरवर (तारेभोवती चिमट्यासारख्या लावायच्या करंट-मीटरवर) करंट कमी दिसतो कारण पॉवर फॅक्टर सुधारतो, म्हणजे काम न करता नुसता ये-जा करणारा करंट कमी होतो. घरचा मीटर युनिट मोजतो आणि ते जवळजवळ तेवढेच राहतात.

मग फुकट ऊर्जा कुठेच नाही का?

आहे की. पावसाळ्यात कोयनानगरला जाऊन या. समुद्राचं पाणी उन्हाने वर उचललं, वाऱ्याने सह्याद्रीवर आणून ओतलं. त्यातलं बरंचसं डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे सोडतात; सगळं मिळून कोयनेचे १९६० मेगावॉटचे संच त्या पाण्यावर चालतात. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, त्यांनाही वारा कुणी विकत देत नाही. खर्च यंत्राचा असतो.

आबांच्या ऐंशी हजारांबद्दल मला वाईट वाटतं ते यामुळेच. सौर कृषिपंपाच्या सरकारी योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के असतो, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. दिवसा पाणी देता येतं. त्यांनी पुढच्या वर्षी अर्ज केला.

एकच खात्रीची चाचणी सांगा.

बॅटरी काढा. ७ एएचच्या बॅटरीत तीन लाख ज्यूल असतात, त्यामुळे तोट्यातलं यंत्रही तिच्यावर दिवसभर चालतं आणि आपल्याला वाटतं ते स्वतःच चाललंय. तिच्या जागी १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. १२ व्होल्टला त्यात पाऊण ज्यूलसुद्धा मावत नाही. आउटपुट योग्य व्होल्टेजला आणून त्याच कपॅसिटरला परत जोडा आणि चाकाला हाताने गती द्या. यंत्र खरंच जास्त देत असेल तर कपॅसिटरचे व्होल्ट चढत जातील.

मुलगा दिवसभर यातच असतो. थांबवू का?

थांबवू नका. त्याला शंट, डायोड आणि वही घेऊन द्या. चार्जिंग मोकळ्या हवेत करायला सांगा, लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. आणि फ्लायव्हील एकट्याने चालवायचं नाही.

येताना काय आणायचं?

सर्किट जसं आहे तसंच आणा, घाईने सोल्डर पुन्हा करत बसू नका. बॅटऱ्या आदल्या रात्री चार्जरवर पूर्ण भरून, सकाळी सोडवून आणा. कॉइलचे वेढे किती आणि तार कोणत्या गेजची ते आठवत असेल तर लिहून ठेवा. आधी घेतलेली रीडिंग खोडू नका, चुकीची वाटली तरी. बल्ब, थर्मास, शंट आमच्याकडे आहे. पूर्ण मोजायला तीन-चार रविवार लागतात, तेव्हा चाक ठेवून जायची तयारी ठेवा. दुकानाच्या माळ्यावर जागा आहे, सध्या तिथे दोन चाकं आहेत.